कंदिलाच्या काचेवरचा उजेड

जयंतीच्या पताका अजून तारांवरून उतरलेल्याही नसतात. उन्हानं त्यांचा निळा विटायला लागतो आणि नेमक्या त्याच दिवसांत या शहराला विहिरी आठवतात. बोअर खोकायला लागतो, टँकरवाला फोन उचलत नाही, नळाची वाट बघून बघून पिंपांच्या तळाला पांढरा क्षार धरतो, आणि मग सोसायटीतला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणतो, "अहो, आपल्या पार्किंगखाली विहीर आहे की!" वर्षभर जिच्या डोक्यावर गाड्या उभ्या केल्या, तिची एप्रिलात आठवण येते. शहराचं नाव बदललं. नळाचं नशीब बदललं नाही.

परवा मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूनं चालले होते. एका कंपाउंडच्या आतून सिमेंट फोडल्याचा आवाज येत होता. आवाज थांबला आणि वास आला. बंद विहीर उघडली की येतो तो. त्याला घाण म्हणता येत नाही. शेवाळ, जुना चुना, गंज, आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी गोडसर, जड, जमिनीलगत सरपटणारं. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. रसवंतीवाल्यानं विचारलं, "ताई, ऊन लागलं का?" मी व्हय म्हटलं. खरं ऐकायला त्याला वेळ नव्हता.

मी पत्रकं लिहिते. वस्तीच्या, कामगारांच्या, पाण्याच्या मोर्चांची. पत्रकाला एकच पान असतं, पाठपोट. वर मागणी, खाली मागणी, मधे कारण. 'हळुवार' आणि 'गहिरं' हे शब्द त्यात बसत नाहीत. एका मासिकाच्या संपादकांनी विचारलं, उन्हाळ्यावर काही ललित लिहाल का, आठवणीतला एखादा हंगाम? त्यांच्या मनात मोगरा असणार, वाळा असणार, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया असणार. माझ्या आठवणीतल्या हंगामात एक विहीर आहे, एक कंदील आहे आणि एक फार चांगली बॅटरी आहे. बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि तिच्यात घालतात त्याला सेल. तेच लिहिते. मोगरा दुसऱ्या कुणाकडून मागवा.

उत्तममामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. विहिरींतला गाळ काढायचं त्याचं काम. जयंती झाली की त्याचा हंगाम सुरू व्हायचा तो आभाळ भरून येईपर्यंत. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडं असायची, तेव्हा दुपार कलताना तो घरी यायचा आणि मोरीत बसून नखं घासत राहायचा. विहिरीचा गाळ काजळासारखा काळा असतो, नखांत शिरला की निघत नाही. मामी ओरडायची, "साबण संपवता का आख्खा?" त्याच्या शर्टाला ओल्या दगडाचा गार वास असायचा, भर उन्हाळ्यात आम्ही पोरं तो शर्ट गालाला लावायचो. गाळात सापडलेलं काहीबाही तो आणायचा. पितळेची लोटी, कुलपाशिवायची किल्ली, रबरी चेंडू, एकदा तर कुणाची तरी कवळी. कवळी त्यानं खिडकीत ठेवली होती. "मालक आला तर हसत घिऊन जाईल," म्हणायचा.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. ज्या विहिरींच्या काठाला माझ्या पणजोबांची सावली पडलेली चालत नव्हती, त्या विहिरींच्या तळाशी माझा मामा गुडघाभर उभा असतो, आणि आता कुणाचीच हरकत नाही. पाणी बाटवणारे आम्ही, पाणी स्वच्छ करणारेही आम्हीच. मी हे एका पत्रकात घातलं होतं. मामानं वाचलं आणि म्हणाला, "भारी लिवलंस. पण खाली लिव की मोबाइल नंबर माझा. काम तरी मिळंल."

मामाचा जोडीदार खुलताबादचा जब्बारचाचा. ठेंगणा, पाय वाकडे, कानात अत्तराचा फाया आणि खांद्यावर हिरव्या चौकड्यांचा रुमाल. दोर मामाच्या हातात, पहिला उतरणार चाचा; मग दोघं आळीपाळीनं गाळात. ही त्यांची वाटणी कुणी ठरवली ठाऊक नाही. मामा उंच आणि दणकट, ओढायला तो बरा. चाचाबरोबर त्याचा कंदील असायचा. पितळी टाकीचा, जुन्या पद्धतीचा, काचेला एका बाजूनं वितभर खालपर्यंत बारीक चीर. रॉकेल कुठून पैदा करायचा ते त्यालाच माहीत. विहीर कितीही उथळ असो, कितीही उघडी असो, आधी कंदील पेटवून दोरानं खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरणार. ज्योत विझली तर दोर गुंडाळायचा, कडुलिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून विहिरीत वर-खाली हापसत बसायचं, हवा ढवळायची, चहा प्यायचा, पुन्हा कंदील.

"पैले ये उतरेगा," चाचा म्हणायचा. "ये मेरा बडा भाई है."

"तुझा भाऊ रॉकेल पितो आन् तू माझ्या पैशानं चहा," मामा म्हणायचा. "भाऊच परवडला."

"तो उसकूच बांध ले दोर में, मैं घर जाताऊं."

मी कंदिलाची आरती ओवाळत नाही, हे इथंच लिहून ठेवते. कंदील हे सुरक्षेचं साधन नाही. काही विषारी वायू ज्योतीला कळतच नाहीत, काही वायूंना ज्योतच पेटवते. हवा मोजायचं यंत्र असतं, हवा भरायचा पंखा असतो, माणसाला बांधायचा पट्टा असतो. हे सगळं या शहरात मिळतं. ज्याला विहीर साफ करून हवी असते त्याला ते मिळत नाही, एवढंच. कंदील म्हणजे ज्यांना काहीही दिलेलं नाही त्यांनी आपल्यापुरती केलेली सोय. पण सोय होती. ती पाळली जायची.

आता बॅटरी.

मामाचा मुलगा अक्षय, माझा मामेभाऊ, वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर असतो. रंग दिलेले पार्ट समोरून जातात, त्यावरचा ओरखडा, फुगा, रंगातला फरक त्यानं पकडायचा. दिवसभर उजेडाखाली बघायचं काम. त्यातून त्याला उजेडाचंच वेड लागलं. पोरं मोबाइल घेतात, बुलेट घेतात. हा बॅटऱ्या घ्यायचा. अंगठ्याएवढी, मुठीएवढी, हाताएवढी. एकीला वाळूच्या कागदासारखी खरखरीत मूठ, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून. एकीच्या आट्यांना तो दर रविवारी कापसानं ग्रीस लावायचा, लहान मुलाच्या कानात तेल घालावं तसा. मामी म्हणायची, "बायको आली की तिला सांग, तुझा नंबर सातवा."

त्याच्यासारखे आणखी आहेत हे मला तेव्हा कळलं. त्यांचा एक ग्रुप होता. डॉक्टर, इंजिनिअर, छावणीतला एक दुकानदार, किल्ले चढणारे दोघे-तिघे. महिन्या-दोन महिन्यांनी दिवस मावळताना ते गोगाबाबा टेकडीवर जमायचे. एकदा अक्षयनं मला नेलं. खाली शहर धुळीत बुडालेलं, पलीकडं देवगिरीचा काळा सुळका, आणि हे मोठे बाप्ये हातात बॅटऱ्या घेऊन ओळीनं उभे. "हा बघ थ्रो," एक जण म्हणाला आणि त्याच्या हातातून एक पांढरी काठी निघून समोरच्या डोंगरातल्या एकाच झाडाला जाऊन टेकली. दुसऱ्यानं बटन दाबलं तर आख्खा उतार उजळला. हा फ्लड. एकाला लांबचं एक झाड हवं, दुसऱ्याला जवळचं सगळं रान. त्यावरून त्यांची खरीखुरी भांडणं व्हायची. मधला प्रखर ठिपका किती, भोवतीचा सांडलेला उजेड किती, त्याला हिरवट झाक आहे की गुलाबी. झाक बघायला पांढरी भिंत लागते. अक्षय कुणाच्याही घरी गेला की आधी भिंत बघायचा. आमच्या घराला चुना दिला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याला झाला होता.

"डबीवर लिहिलंय एवढे हजार ल्युमेन," मी त्याला चिडवलं, "खरं असतं का रे ते?"

"असतं की ताई. चार-पाच मिनिटं." तो गंभीरपणे म्हणाला. "फुल मारली की ती तापती. तापली की स्वतःच उजेड खाली आणती, नायतर जळून जाईल. डबीवरचा आकडा पहिल्या चार मिनिटांचा असतो."

"म्हणजे जाहीरनाम्यासारखा."

"तुझं सगळं तिकडंच जातं."

पण ल्युमेनवर भाळणारे त्याला कच्चे वाटायचे. त्याच्या मते खरी कसोटी रंगांची. लाल लाल दिसला पाहिजे, हाताची कातडी हातासारखी. स्वस्त बॅटरीचा उजेड निळा असतो, त्यात माणूस मेल्यासारखा दिसतो, असं तो म्हणायचा. त्यानं वर्षभर थांबून एक बॅटरी मागवली होती. भरपूर उजेडाची, आणि तरी उबदार, मधासारख्या पिवळट झाकेची. ती आली त्या दिवशी त्यानं मामीच्या तिखटाच्या बरणीवर मारली, मामाच्या तळहातावर मारली, माझ्या पिशवीतल्या निळ्या झेंड्यावर मारली. सगळं जसं आहे तसं दिसलं. मामा तळहात उलटा-सुलटा करून बघत राहिला. नखांतला गाळसुद्धा स्पष्ट. "हिच्यापुढं काही लपत नाय," तो म्हणाला. "उद्या कामावर आण. इहिरीत मारून बघू."

ती विहीर एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगखाली होती. शिकलेल्यांची सोसायटी, बँकेतून, कॉलेजातून निवृत्त झालेले लोक, प्रत्येक दारापुढं तुळस. मुलं पडू नयेत म्हणून विहिरीवर स्लॅब टाकलेला आणि स्लॅबला एक लोखंडी झाकण, एक माणूस कसाबसा आत जाईल एवढं. मामानं आधीच सांगितलं होतं: स्लॅब फोडा, दोन दिवस विहीर उघडी राहू द्या, मग उतरतो. सेक्रेटरी नम्र माणूस होता. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, वाळ्याचं पाणी दिलं.

"हे बघा उत्तमराव, स्लॅब फोडला तर सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतील. मेंबर लोक मला जिवंत ठेवणार नाहीत."

ते वाक्य मी विसरलेले नाही.

मी तिथं होते ती पंख्यासाठी. किमान हवा भरायचा पंखा तरी भाड्यानं आणा, असं मी त्यांच्याशी भांडत होते. "मॅडम, हे लोक पिढ्यान्पिढ्या हे काम करतात," ते म्हणाले. "त्यांना आपण काय शिकवायचं?" आदरानं म्हणाले. अपमान करायला आवाज चढवावा लागतो असं थोडंच आहे.

झाकण उघडलं. भर सकाळी आत काळंकुट्ट. एवढ्याशा तोंडातून कडुलिंबाचा डहाळा आत जाईना, पानं गळून काड्या उरल्या. चाचानं कंदील पेटवला, वात बारीक केली, दोर सोडायला सुरुवात केली. आणि अक्षयनं गुडघ्यावर बसून आपली नवी बॅटरी आत धरली.

काय उजेड होता तो! विहीर आतून उजळली. घडीव दगडांचे थर, त्यांच्या सांध्यांतून उतरलेली पिंपळाची तांबूस मुळं, एक प्लास्टिकचा चेंडू, लाल पट्ट्याची एकच चप्पल, आणि तळाशी काळा चकचकीत गाळ. सोसायटीतले लोक वाकवाकून बघायला लागले. मोबाइल निघाले. "अहो काय सुंदर बांधकाम आहे!" एक काकू म्हणाल्या. "आपण हिच्यावर स्कूटर लावत होतो!" सेक्रेटरींनी अक्षयच्या पाठीवर थाप मारली. "क्या बात है. कुठं मिळते हो ही?" अक्षय सांगायला लागला. कधी नव्हे ते त्या लोकांनी त्याला काहीतरी विचारलं होतं.

कंदील तळाला टेकला. चाचानं विचारलं, "जल रा क्या?"

सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. काच पिवळी उजळलेली होती, मधासारखी. "जळतोय, जळतोय," तीन-चार आवाज आले. मामानंही मान हलवली. चाचानं स्वतः वाकून बघितलं, कानातला अत्तराचा फाया नीट केला आणि हसला. "आज तो भाई दूल्हा बन के बैठा है."

तो उतरला. पायऱ्यांचे दगड भिंतीतून बाहेर आलेले होते, त्यांवरून सवयीनं; दोर बादलीला बांधलेला, त्याच्या कंबरेला नाही. तळाशी पोचला, वर बघून डोळे मिचकावले, बादली ओढली. मग खाली बसला. पडला नाही. चपलेचा अंगठा निसटला की माणूस बसतो तसा बसला, आणि मान हळूच पुढं गेली.

"चाचा?" मामानं हाक मारली. "ए जब्बार! नाटकं करू नको!"

इतक्या स्वच्छ उजेडात मी कुणाला मरताना पाहिलेलं नव्हतं. रुमालाच्या हिरव्या चौकड्या मोजता आल्या असत्या. ओठांचा रंग बदलत गेला तोही जसाच्या तसा दिसला. त्या बॅटरीत रंग खरे दिसतात.

आणि मग ती तापली. तिची मिनिटं संपली असणार. कुणी काही न करता तिनं स्वतःच उजेड खाली आणला, जशी ती आणते. विहीर एकदम मळकी झाली. काचेवरची चमक गेली आणि कंदील दिसला. नुसता कंदील. काळी वात, आत काही नाही. त्याची ज्योत कधीच गेलेली होती, बहुधा निम्म्या वाटेतच. आम्ही बघत होतो तो अक्षयचाच उजेड होता, काचेवर पडलेला.

मामा झाकणात पाय घालत होता. मी आणि अक्षयनं त्याला कंबरेला धरून मागं ओढलं. पहिल्याच्या मागं दुसरा जातो आणि तोही मरतो, हे मी पत्रकात छापलेलं होतं. छापलेलं वाक्य हातापायांत आणायला त्याच्या अंगावर बसावं लागलं. त्यानं मला शिव्या दिल्या. आईवरून दिल्या, म्हणजे स्वतःच्याच सख्ख्या बहिणीवरून. अग्निशमनवाले आले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय केली? स्लॅब फोडला. गाड्या हलवायला फार वेळ लागला नाही.

नंतरचं सगळं कागदी आहे. सोसायटीनं सांगितलं, प्रकाशाची उत्तम सोय होती, पुरावा म्हणून व्हिडिओ आहे. त्यात सगळं लख्ख दिसतं. कामगारांनी स्वतःच्या पद्धतीनं खात्री केली आणि स्वतःच्या जबाबदारीवर उतरले. बॅटरीही त्यांचीच होती, मुलगाही त्यांचाच. शेवटचं वाक्य सेक्रेटरी माझ्याकडं न बघता म्हणाले. म्हणजे मारेकरी ठरला अक्षय. स्लॅब न फोडणारे नाहीत, पंखा न आणणारे नाहीत, पिढ्यान्पिढ्यांचं कौतुक करणारे नाहीत. ज्यानं उजेड दाखवला तो.

आणि वाईट हे की अक्षयला ते पटलं.

त्यानं सगळ्या बॅटऱ्या एका पोत्यात भरल्या आणि पोतं माळ्यावर टाकलं. ग्रुपमधून बाहेर पडला. कामावर पार्ट समोरून जायचे आणि ह्याला ओरखडे दिसायचे नाहीत. घरात कुणी दिवा लावला की मान फिरवायचा. मी त्याच्यासमोर माझी पत्रकं वाचायची: दोष कुणाचा, जबाबदारी कुणाची. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ताई, निळी असती ना, तर कळलं असतं. निळ्या उजेडात काच निळी दिसली असती. वात पिवळीच जळती. फरक कळला असता. मी पिवळी मागवली. वर्षभर थांबून मागवली."

मोर्चा काढला. निवेदन दिलं. त्याला उत्तर म्हणून एका सभागृहात कार्यक्रम झाला आणि विहिरीत, गटारीत उतरणाऱ्यांना सुरक्षेची किट वाटली. चमकणारं जाकीट, हेल्मेट, हातमोजे आणि एक बॅटरी. टाळ्या वाजल्या. मामानं ते किट घरी आणून टेबलावर ठेवलं. हवा मोजायचं यंत्र नव्हतं, पंखा नव्हता, पट्टा नव्हता. अक्षय बऱ्याच दिवसांनी बॅटरीला हात लावत होता. त्यानं ती भिंतीवर मारली. निळी. घाणेरडी निळी. तो हसायला लागला आणि ते हसू थांबेना, तेव्हा मामीनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं.

खुलताबादला चाचाच्या घरी जायला त्याला पावसाळा उलटावा लागला. मी बरोबर होते. बानोचाची दारात सीताफळं निवडत बसली होती, हंगाम होता तो. घाट चढून आलेला गार वारा, दर्ग्याच्या बाजूनं लोबानाचा वास, आणि चाची वर न बघता फळं दाबून बघत होती. अक्षय तिच्यासमोर उकिडवा बसला. शेवटी तीच बोलली.

"तेरी बत्ती बंद रहती तो दिख जाता. हौ ना?"

"हौ, चाची."

"मेरेकू मालूम है. तू बोल्या नई तो बी मालूम है." एक फळ तिनं बाजूला टाकलं. "और ढक्कन इत्ता-सा किसने रख्या, वो बी मालूम है. तू अकेला कायकू रोता? उनों रो रें क्या? उनों तो गाडियां लगा रें."

मग आत जाऊन कंदील घेऊन आली. अग्निशमनवाल्यांनी तोही वर आणला होता. काच शाबूत, जुन्या चिरेसकट. "लेके जा. घर में देखा नई जाता. और सुन, टांग के मत रख. काम पे लेके जा."

तिनं त्याला माफ केलं असं मी म्हणणार नाही. माफीबिफीची गोष्टच नव्हती ती. तिनं दोषाची वाटणी केली, ज्याला त्याला त्याचा वाटा दिला, आणि उठून पुन्हा सीताफळांपाशी बसली. मी इतकी पत्रकं लिहिली. इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही.

यंदा पुन्हा एप्रिल. मामा विहिरीत उतरत नव्हता, सेंट्रिंगच्या कामावर जात होता. पण बोलावणं आलं, खुलताबाद रस्त्यावरच्या एका फार्महाउसवरून. मामी म्हणाली नको. मामा म्हणाला, मी नाय म्हटलं तर ते दुसऱ्याला बोलावतील, निदान बघून तर येतो. अक्षयनं शिडी लावली आणि माळ्यावरून पोतं काढलं. तीच बॅटरी. त्यानं आटे पुसले, ग्रीस लावलं. मी विचारलं, "हीच कशाला?"

"भिंत बघायला हीच लागती. दगड कुठं सुटलाय ते दुसरीत कळत नाय." ग्रीसचं बोट पुसत म्हणाला, "आन् हिचं बटन शेपटीला आहे. एकदा दाबलं की बंद. लगेच."

ही विहीर उघडी होती, पण तोंडावर पत्रे टाकलेले, वर्षानुवर्षांचा पालापाचोळा कुजलेला. पत्रे काढले. मालक गॉगल लावून खुर्चीवर. अक्षयनं बॅटरी मारली, भिंत फिरून फिरून पाहिली. खाली सगळं लख्ख. मामानं चाचाचा कंदील पेटवला आणि दोर सोडला. तो खाली खाली गेला, मधासारखा उजळत.

"जळतोय की छान," मालक म्हणाला. "चला, उतरा आता."

"बंद कर," मामा म्हणाला.

अक्षयनं बटन दाबलं.

इतक्या उजेडानंतर डोळ्यांना काहीच दिसत नाही. हिरवे-जांभळे ठिपके तरंगतात. आम्ही काठावर वाकून थांबलो. पारवा पंख फडफडवत गेला. हळूहळू दगडांच्या कडा परत आल्या, मग मुळं, मग तळाचं पाणी, शिशासारखं. कंदिलाची जागा आली. तिथं काही जळत नव्हतं.

मामानं दोर वर ओढला. काचेला बोट लावलं. काच अजून कोमट होती.

"मालक, पंखा आणा. दोन दिवस उघडी ठेवा. मग बघू."

"अहो, मगाशी तर सगळं स्वच्छ दिसत होतं! पुन्हा लावा की ती." मालक उठला. "नसेल जमत तर सांगा. दुसरी माणसं आहेत. माणसांना काय तोटा आहे?"

त्यानं फोन लावला. मामा जायला निघाला नाही. कंदील मांडीवर घेऊन तो विहिरीच्या काठावरच बसला, त्याच्या शेजारी अक्षय, त्याच्या शेजारी मी. ऊन चढलं. दगड तापले. मालकानं दोनदा निघा म्हणून सांगितलं, मग नाद सोडला. दुपारच्या आसपास एक टेम्पो आला. त्यातून दोघं उतरले, मुकुंदवाडीच्या नाक्यावरचे असावेत. तिशीतला एक जण पुढं आला. गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली बॅटरी, अक्षयच्या बॅटरीपेक्षा मोठी, नवी कोरी. त्यानं काठावर येऊन ती विहिरीत मारली. विहीर तळापर्यंत उजळली.

"एकदम क्लिअर आहे," तो मालकाला म्हणाला आणि चपला काढायला लागला.

मामा उठला. कंदील पुन्हा पेटवला, दोर सोडला. कंदील तळाला टेकला तसा मामानं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, बॅटरी लई भारी हाय तुझी," मामा म्हणाला. "जरा बंद कर."

त्या माणसाचा अंगठा बटनावर होता. तो मालकाकडं बघत होता.